गणपतीची माती आणि जुईची नखं

नयनावहिनी आगटे यांच्याबद्दल कोणीतरी लिहावं असं मला गेल्या हिवाळ्यापासून वाटत होतं. पण दुसरं कोणी लिहील असं दिसेना. माझा जन्म बँकेत गेला, ऑफिसच्या टिपणांपलीकडे काही लिहिलेलं नाही. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच सांगतो, तेही जमेल तसं.

इथे जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. त्यांचे यजमान विजयकुमार आणि मी एकाच सुमारास मुंबईहून इथे आलो, ते एका ट्रेडिंग कंपनीत आणि मी बँकेत. दोघंही थोड्या वर्षांसाठी म्हणून आलो आणि इथलेच झालो. विजयकुमार पन्नाशीतच गेले. ऑफिसातून येताना स्टेशनच्या जिन्यावर बसले ते उठलेच नाहीत. मूलबाळ नव्हतं. दीर म्हणाले, परत या. वहिनी गेल्याही, आणि वर्षाच्या आत परत आल्या.

"तिकडे मी कोणाची तरी विधवा भावजय होते, भावोजी," त्या मला म्हणाल्या. "इथे निदान कचरा नीट वेगळा करणारी बाई म्हणून तरी लोक ओळखतात."

सकाळी त्या बेंतोच्या दुकानात भाताचे डबे भरायचं बाईतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायच्या. दुपारी घरी आल्या की उरलेला दिवस मोकळा असायचा. तो मोकळा वेळ त्यांना खायला उठे. म्हणून वॉर्डाच्या केंद्रात कुंभारकामाचा वर्ग चालतो, तिथे जायला लागल्या. हाताला वळण आलं, आणि एका वर्षी त्यांनी घरचा गणपती स्वतः केला. तो कोणीतरी पाहिला, फोटो सगळीकडे फिरला, आणि पुढच्या वर्षीपासून आमच्या भागातल्या आयटीवाल्यांची मुलं त्यांच्या घरी गणपती करायला येऊ लागली.

सुरुवातीला मुंबईहून येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून शाडू येई. पण परदेशची माती या देशात आणायला बंदी आहे. एकदा नारिता विमानतळावर पिशवी उघडली गेली आणि शाडू तिथेच राहिला. मी म्हटलं, "कुंभारवर्गाच्या दुकानातली आणा की."

"ती प्लास्टिकमध्ये बांधून येते हो, चीज आल्यासारखी. गणपतीची माती हातानं खणायची असते. जमिनीची क्षमा मागून."

त्याच सुमारास वर्गाची सहल उत्तरेकडच्या डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेली. तिथे एका ओढ्याच्या काठाला पांढुरकी, लोण्यासारखी माती होती. वहिनींनी चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि त्यांना, त्यांच्याच शब्दांत, "माहेरचं माणूस भेटल्यासारखं" झालं. सराईच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, माती आहे, न्या हवी तेवढी. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या पाठीवर सॅक टाकून एकट्या तिथे जात, काठाला नमस्कार करून माती खणत आणि गाडीनं घेऊन येत. बाल्कनीत झाकणाच्या बादल्यांमध्ये ती वर्षभर पुरे.

ऑगस्टमध्ये ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या, सुट्टीत त्यांच्या दोन खोल्यांत मुलांची दाटी होई. जमिनीवर वर्तमानपत्रं. कोणाचा उंदीर गणपतीपेक्षा मोठा व्हायचा, कोणाची सोंड गळून पडायची. वहिनी ओरडत, "अरे ऋषी, त्याला कान दे आधी! नाहीतर तुझी प्रार्थना ऐकणार कशानं?" विसर्जन सगळे घरीच बादलीत करायचे. विरघळलेली माती बाल्कनीतल्या कुंड्यांत, आणि त्या कुंड्यांत कोथिंबीर, पुदिना. "बाप्पा हिरवा होऊन परत आला," असं वहिनी म्हणायच्या.

वर्षातले ते चार-सहा दिवस गेले की घर पुन्हा गप्प. जुई येईपर्यंत तरी तसंच होतं.

जुई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या पार्थ आणि मितालीची मुलगी. दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, दोघांनाही घरी यायला उशीर. पोरगी पहिलीत गेली तेव्हा मिताली वहिनींकडे आली. म्हणाली, "मावशी, शाळा सुटल्यावर थोडा वेळ ठेवाल का?" थोडा वेळ म्हणता म्हणता संध्याकाळचं जेवणही वरच होऊ लागलं. जुईशी मराठीत बोलावं तर ती जपानीत उत्तर देई. वहिनींना त्याचं काही नसे. एकीचं मराठी, दुसरीचं जपानी, असा त्यांचा संसार चालायचा. बेंतोच्या दुकानातून येताना त्यांची चाल बदलली होती. रस्त्यात मी थांबवलं तरी थांबत नसत. "शाळा सुटेल भावोजी, नंतर बोलू." इतक्या वर्षांत कोणीतरी आपली वाट पाहतंय असं त्यांना पहिल्यांदाच वाटत असावं.

एकदा मी चहाला गेलो होतो. जुई बाल्कनीच्या दाराशी बसली होती, हातात सुकलेल्या मातीचं ढेकूळ. त्याचा तुकडा मोडून तिनं बिस्किटासारखा तोंडात टाकला.

"अहो वहिनी, ती माती खातेय."

"खाऊ दे हो. मी लहानपणी पाटीवरच्या पेन्सिली खाऊन संपवल्या. मास्तर म्हणायचे, हिच्या पोटात बाराखडी असेल." मग जुईकडे वळून म्हणाल्या, "काय गं कृष्णा, तोंड उघड. विश्व दिसतंय का बघू."

जुईनं आ केला.

"विश्व नाही बाई, किडका दात दिसतोय."

"ओइशी," जुई म्हणाली. म्हणजे छान लागतं.

"बघा. आणि गणपतीची माती आहे. पोटात गेली तर प्रसादच की." असं म्हणत त्यांनी बादलीतून आणखी एक चिमूट काढून तिच्या तळव्यावर ठेवली. मीही हसलो.

विभा आमच्यात आली ती त्यानंतरच्या दिवाळीत. मूळची सांगलीची, क्योतोच्या विद्यापीठात डॉक्टरेट करणारी, बारीक चणीची, बोलताना सारखा चष्मा वर सारणारी मुलगी. जवळच्या फुनाबोरीच्या हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींचा फराळ झाल्यावर तिनं उभं राहून आपलं काम सांगितलं. मातीतलं विष कारखान्यातूनच येतं असं नाही, ती म्हणाली. डोंगराच्या पोटातच आर्सेनिक असतं, शिसं असतं, ते झिजून मातीत उतरतं. आर्सेनिक म्हणजे आपल्याकडचा सोमल. "मातीत किती आहे ते मोजणं सोपं आहे. माणसात किती गेलं ते मोजणं अवघड. ते नखांत साठतं, म्हणून मला नखं हवीत."

"पण आमचीच का?" कोणीतरी विचारलं.

"इथले लोक समुद्री शेवाळ खूप खातात. शेवाळातही आर्सेनिक असतं, दुसऱ्या जातीचं, फारसं न बाधणारं. पण त्यानं माझं मोजमाप गढूळ होतं. मला याच मातीवर राहणारी पण शेवाळ न खाणारी माणसं हवीत."

"म्हणजे आमटी-भातवाले," मागून रणजित म्हणाला, आणि हशा पिकला. हा रणजित पार्थच्याच ऑफिसातला. पण पुढे कोणी येईना. डेटा कुठे जाणार, नाव कोणाला कळणार, व्हिसाला त्रास होईल का, असे प्रश्न सुरू झाले. विभाचा चेहरा उतरला. तेव्हा नयनावहिनी उठल्या.

"नखंच मागतेय ना ती? किडनी नाही ना मागत? नाहीतरी कचऱ्यातच टाकता. क्योतोपर्यंत प्रवास होईल बिचाऱ्यांचा."

त्याच मग घरोघर फिरल्या. विभानं दिलेल्या छोट्या पिशव्या वाटत आणि गोळा करत. दार उघडून रणजित म्हणाला, "आजी, वर्गणी झाली, आता नखं?"

"पुढच्या वर्षी केस मागेन. तुझ्याकडे उरले असतील तर."

स्वरूपा म्हणून एक आहे, जरा देवाधर्माची. ती म्हणाली, "आज शनिवार आहे मावशी, शनिवारी नखं कापत नाहीत."

"मग उद्या काप. आज मी नुसती शनीची परवानगी घ्यायला आले."

विभानं मुलांच्या हातांचंही मोजमाप घेतलं. बागेतल्या वाळूत खेळून आली की स्वच्छ पाण्यात त्यांचे हात धुवायची आणि ते पाणी बाटलीत भरून न्यायची. हातावर किती माती राहते आणि त्यातली तोंडात किती जात असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो म्हणे. जुईला त्याची फार मौज वाटली. वहिनींनी स्वतःची नखंही दिली. विभा जाताना त्यांच्या पाया पडली. म्हणाली, "तुम्ही नसता तर माझं हे वर्ष फुकट गेलं असतं."

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी मितालीचा फोन आला. "काका, तुम्ही खाली... म्हणजे वर या ना आमच्याकडे. विभा आलीय. मला काही सुचत नाहीये."

मी गेलो तेव्हा पार्थ उभाच होता. वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीत, जुई त्यांना टेकून चित्र काढत होती. विभा सतरंजीच्या कडेला बसली होती. इतर मुलांची मोजणी ठीक आहे, ती सांगत होती. जुईची नाही. थोडीथोडकी नाही, कितीतरी पट जास्त. म्हणून ती स्वतः आली. नखं मागच्या महिन्यांचं सांगतात, आत्ताचं नाही, तेव्हा आधी डॉक्टरांकडे जाऊन लघवी तपासायची. घाबरायचं नाही. पण हे कुठून येतंय ते शोधायला हवं, कारण ते थांबवलं तर शरीर बरंचसं बाहेर टाकतं.

"शाळेच्या जेवणात हिजिकी असतं का? ते काळं शेवाळ?"

"ती तोंडही लावत नाही त्याला," मिताली म्हणाली.

"घरी कुठलं आयुर्वेदिक औषध, भस्म वगैरे?"

"नाही."

"पाणी? तांदूळ? एखादं जुनं खेळणं?"

प्रत्येक प्रश्नाला नाही. माझं लक्ष वहिनींकडे गेलं. त्यांचा जुईच्या केसांवरचा हात थांबला होता. त्या क्षणी मला बाल्कनीतलं ते ढेकूळ आठवलं. ते सांगणं माझं होतं की त्यांचं, तेच मला कळेना.

"शाळेचं मैदानच असणार," पार्थ म्हणाला. "दुसरं काय? मी आजच वॉर्ड ऑफिसला लिहितो. क्लासमधल्या सगळ्या पेरेंट्सना कळवतो. मातीची टेस्ट केलीच पाहिजे त्यांनी."

"थांब पार्थ," नयनावहिनी म्हणाल्या. "शाळेला काही लिहू नकोस. ती माती खाते."

"कुठली माती?"

"माझ्याकडची. गणपतीची."

जुईनं वर पाहिलं, कारण तिला मराठी सगळं समजतं, बोलत नाही एवढंच.

"तुम्हाला माहीत होतं, मावशी?" मितालीचा आवाज अगदी हळू होता.

"हो."

"कधीपासून?"

"येते आहे तेव्हापासून."

"आणि तुम्ही तिला थांबवलं नाहीत?"

वहिनींनी मितालीकडे सरळ पाहिलं. "मी तिला माझ्या हातानं देत होते, मिताली."

मिताली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, जुईला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि नळाखाली तिचे हात धुऊ लागली. साबण लावून, पुन्हा साबण लावून. "इताई, मम्मी, इताई," जुई रडू लागली. दुखतंय म्हणत होती. नळ चालूच राहिला. पार्थ भिंतीकडे पाहत होता. वहिनी उठून उभ्या राहिल्या, स्वयंपाकघराकडे एक पाऊल टाकलं आणि मग दाराकडे वळल्या.

विभा त्यांच्या मागोमाग चौथ्या मजल्यावर गेली, मीही. तिनं हातमोजे घालून बादल्या उघडल्या आणि माती बाटल्यांत भरली. "मावशी, तुमच्यामुळेच तर हे सापडलं. तुम्ही नखं गोळा केली नसती तर..."

"हो, तेही मीच केलं," वहिनी म्हणाल्या.

महिन्याभरानं विभानं कळवलं. माती तशीच निघाली, झऱ्यांच्या डोंगरातली, आर्सेनिकनं भरलेली. हात लावल्यानं फारसं काही होत नाही. वर्षभर पोटात गेली तर होतं. त्यात कोणी काही टाकलेलं नाही, डोंगर मुळातच तसा आहे, त्यात कोणाची चूक नाही. नयनावहिनींच्या नखांचा आकडाही तिनं सांगितला आणि तपासून घ्या म्हणून विनवलं.

"सगळ्यांत जास्त माझं निघालं, भावोजी," वहिनी मला म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा पहिला नंबर." मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ या, मी येतो. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. आजवर गेलेल्या नाहीत.

पण एक काम त्यांनी केलं. ज्या दारांवर नखं मागायला गेल्या होत्या त्या सगळ्या दारांवर त्या पुन्हा गेल्या. मी दोन-तीन ठिकाणी बरोबर होतो. "तुमच्या कुंड्यांतली माती माझी आहे. कोथिंबीर उपटून टाका. मुलांना हात लावू देऊ नका." एवढंच सांगायच्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून. रणजितनं या वेळी थट्टा केली नाही. "कळवलंत ते बरं केलंत, आजी," म्हणाला आणि पोराला आत हाक मारली. स्वरूपा रागावली. "गणपतीच्या मातीला विष म्हणायचं? असं बोलू नये हो मावशी. तुमच्या हातून काही चुकलं असेल पूजेत." वहिनी म्हणाल्या, "असेल बाई. पण कोथिंबीर टाक." लोक वाईट वागले असं मी म्हणणार नाही. सगळे नीट बोलले. आत या एवढं कोणी म्हणालं नाही.

उरलेली माती टाकायची कुठे हाही प्रश्नच होता. वॉर्डाचे कचरेवाले माती घेत नाहीत, कुठल्याच दिवशी. नदीत टाकायला बंदी, आणि आता कोणत्या नदीत टाकणार? त्या बादल्या झाकणाला चिकटपट्ट्या लावून उन्हाळ्यापर्यंत बाल्कनीत होत्या. वहिनींनी बाल्कनीचं दार उघडणं बंद केलं. कपडे आत वाळत घालायच्या. शेवटी विभानं विद्यापीठामार्फत काहीतरी सोय केली, आणि दोन माणसं येऊन बादल्या घेऊन गेली. त्यांनी पावतीवर सही मागितली तेव्हा वहिनींनी पदार्थाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचलं आणि सही केली.

जुईची तपासणी होत राहिली. वसंत ऋतूत आकडा खाली आला, मग आणखी खाली. मितालीनं ते वहिनींना खालच्या टपालपेट्यांपाशी सांगितलं. मी तिथेच माझी पेटी उघडत होतो.

"उतरलंय मावशी. डॉक्टर म्हणाले, बहुतेक काही राहणार नाही."

"बहुतेक?"

"असं नक्की कोणी सांगत नाही ना."

"नाही, ते खरंच." वहिनींच्या हातात कसल्या तरी जाहिराती होत्या, त्या नीट लावत राहिल्या. "मग आता... दुपारची?"

"गाकुदोत घातलंय तिला. शाळेतच असतं ना, सुटल्यावर तिथेच थांबते. होमवर्कही होतं." मिताली थांबली. "तुम्ही सांगितलंत, मावशी. नसतं सांगितलंत तरी चाललं असतं तुम्हाला. ते मी विसरले नाहीये." मग तिनं पेटी बंद केली आणि जिन्यानं वर गेली.

हे ती मनापासून बोलली, यात मला शंका नाही. पण पोरगी काही वर आली नाही. वहिनींनी बेंतोच्या दुकानात दुपारचीही पाळी मागून घेतली.

यंदाच्या ओबोनला त्यांचं दार बंद होतं. आमच्या मंडळींनी मुलांसाठी दुकानातल्या कागदी लगद्याचं काहीतरी आणून फुनाबोरीच्या हॉलमध्ये केलं म्हणे. वहिनींना बोलावणं होतं. दुकानात कामाची पाळी आहे म्हणून त्या गेल्या नाहीत.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं भाजी घेऊन परत येत होतो. लिफ्टचं दार मिटता मिटता कोणीतरी बाहेरून बटण दाबलं आणि मिताली आत आली, मागे जुई. वहिनींना पाहून पोरीचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

"नयनाआजी!" ती पुढे झेपावली, आणि मध्येच थांबली. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तसेच ठेवले.

कोणी तिला काही म्हटलं नव्हतं. मिताली मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होती.

"केवढी उंच झालीस गं," वहिनी म्हणाल्या.

"ताबेतेनाई यो," जुई म्हणाली. म्हणजे, मी काही खाल्लेलं नाहीये. तिनं ते वहिनींना धीर द्यावा तसं सांगितलं.

"शहाणी," वहिनी म्हणाल्या. "शहाणी माझी."

दुसरा मजला आला, दार उघडलं आणि मिटलं. मी उतरलो नाही. तिसऱ्याला त्या दोघी उतरल्या. जुई उलटी चालत बाहेर गेली, हात मागेच. दार मिटेपर्यंत ती तशीच उभी होती.

चौथ्या मजल्यावर वहिनी किल्ली शोधू लागल्या. भाजीची पिशवी मी धरली. किल्ली सापडायला वेळ लागला.

"चांगलं शिकवलंय मितालीनं," त्या म्हणाल्या. "आपण होऊन हात मागे घेतले पोरीनं. असंच हवं."

मी म्हटलं, "मी जरा बसू का? चहा मी करतो."

"नको भावोजी. उद्या या." त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, आत गेल्या आणि दार लावलं. मी जिन्यानं खाली उतरलो.